गाडी दारात, नाव दिवंगताचं

महाराष्ट्राच्या सीमेजवळच्या बाजारहत्नूरच्या रस्त्यावर उभ्या असलेल्या मोटरसायकलींच्या नंबरपाट्या ओळीने वाचत गेलं, तर आदिलाबाद जिल्ह्याचा अलीकडचा इतिहास समोर येतो. एपी ०१ ही अखंड आंध्र प्रदेशातली खूण. २ जून २०१४ ला तेलंगणा वेगळं झालं आणि टीएस ०१ आलं. मार्च २०२४ पासून नव्या गाड्यांना टीजी ०१ मिळू लागलं. मधूनच एमएच २६ किंवा एमएच २९ दिसलं, तर ती गाडी नांदेड किंवा यवतमाळची, सोयरिकीतून किंवा कामधंद्यातून इकडे आलेली. पाटीवरून एवढं कळतं. ज्याच्या नावावर गाडी आहे तो माणूस हयात आहे का, हे मात्र पाटी सांगत नाही. वडील गेले, गाडी दारातच राहिली, मुलगा तीच चालवू लागला आणि बघता बघता पाच-सात वर्षं उलटली, अशा गाड्या देशभर आहेत. पण दोन राज्यांच्या आणि तीन-चार भाषांच्या कागदांत जगणाऱ्या सीमेवरच्या गावात हा गुंता जास्त घट्ट बसतो. गाडी नावावर का केली नाही, याचं उत्तर सहसा एकच मिळतं: कागद नाहीत. आरसी बुक सापडत नाही, इन्शुरन्स संपला आहे, फायनान्सची एनओसी कधी आणलीच नाही. हे उत्तर खोटं नसतं, पण दुखणं तिथे नसतं, असं माझं म्हणणं आहे. हरवलेला जवळजवळ प्रत्येक कागद पुन्हा मिळतो, कारण त्याची मूळ नोंद कुठल्या ना कुठल्या दप्तरात असते. सगळ्या वारसांची संमती मात्र कुठल्याच दप्तरात नसते. ती माणसांकडूनच घ्यावी लागते, आणि जितका उशीर होईल तितकी ती मिळणं अवघड होत जातं. गाडी खरी अडते ती तिथे.

आधी एक समज बाजूला ठेवायला हवा. आरसी म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, तो हरवला की मालकी सिद्धच करता येणार नाही, असं आपण धरून चालतो. शेताच्या पट्टादार पासबुकाची सवय असलेल्या माणसाला तसं वाटणं साहजिक आहे. पण गाडी ही जंगम वस्तू आहे. ती विक्रीने, बक्षिसाने किंवा वारशाने एकाकडून दुसऱ्याकडे जाते, आणि वारशाच्या बाबतीत हा हक्क मृत्यूच्या क्षणीच वारसांकडे येतो. त्यासाठी कुठल्या ऑफिसच्या शिक्क्याची वाट पाहावी लागत नाही. ब्रिटनमध्ये गाडीच्या नोंदणीच्या कागदावरच छापलेलं असतं की हा मालकीचा पुरावा नाही, गाडी कोण बाळगतो त्याची ही नोंद आहे. आपल्याकडे मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम २(३०) वेगळ्या बाजूने बोलतं. या कायद्यापुरता मालक म्हणजे ज्याच्या नावावर गाडी नोंदलेली आहे तो. एकाच गाडीला अशा दोन मालक्या असतात. एक संपत्तीची, ती वारसांकडे आपोआप येते. दुसरी जबाबदारीची, ती नोंदवहीतल्या नावाला चिकटून राहते. गाडी नावावर करणं म्हणजे संपत्ती मिळवणं नव्हे, ती मिळालेलीच असते. जबाबदारी कोणाची, हे जगाला सांगणं, असा त्याचा अर्थ आहे.

या दुसऱ्या मालकीचं वजन किती, ते सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात फेब्रुवारी २०१८ मध्ये स्पष्ट केलं. तिथली गाडी एकामागून एक अनेक हातांत विकली गेली होती, पण आरसीवर नाव पहिल्याच माणसाचं राहिलं होतं. अपघात झाला तेव्हा भरपाईची जबाबदारी त्या नोंदणीकृत मालकावरच ठेवली गेली. जखमी माणसाने विक्रीची साखळी शोधत फिरावं अशी अपेक्षा करता येणार नाही, हा त्यामागचा विचार आहे आणि तो मला पूर्ण पटतो. आता हाच विचार दिवंगताच्या गाडीला लावून पाहा. नोंदणीकृत मालक जिवंत नाही, तेव्हा दावा त्याच्या मिळकतीवर, म्हणजे वारसांवर येऊ शकतो. गाडी एक भाऊ चालवत असेल, पण कागदोपत्री ती वाटणी न झालेली मिळकत आहे. लग्न होऊन किनवटला गेलेल्या, त्या गाडीवर कधी न बसलेल्या बहिणीच्या नावेही नोटीस निघू शकते. नाव न बदलल्याने कोणाचं काही बिघडत नाही, असं म्हणणाऱ्याने या बहिणीचा विचार केलेला नसतो.

कायद्याने घरच्यांच्या दुःखाला अवधीच दिला नाही, असंही नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ५६ वा नियम नेमका याच प्रसंगासाठी आहे. मालक वारल्यावर गाडी ज्याच्या ताब्यात आली त्याने ३० दिवसांच्या आत आरटीओला मृत्यूची आणि गाडी वापरण्याच्या इराद्याची खबर दिली, तर मृत्यूपासून तीन महिने ती गाडी त्याच्याच नावावर असल्यासारखी चालवता येते. त्या तीन महिन्यांत फॉर्म ३१ भरून नाव बदलण्याचा अर्ज करायचा. अर्जासोबत नियमाने मागितलेले मुख्य कागद तीनच: मृत्यूचा दाखला, आरसी आणि विम्याचं प्रमाणपत्र. मोटार विम्याच्या नेहमीच्या पॉलिसीतही हाच हिशेब आहे. विमाधारक वारला तर पॉलिसी लगेच संपत नाही. मृत्यूपासून तीन महिने किंवा तिची मूळ मुदत, यांतलं जे आधी येईल तोवर ती चालू राहते, आणि तेवढ्या काळात वारसाने ती आपल्या नावावर करून घ्यायची किंवा नवी काढायची. आपल्या घरांत दहावं, तेरावं होतं, पाहुणे परततात, तोवर अर्धा महिना गेलेला असतो. तरी उरलेल्या अर्ध्या महिन्यात एक पत्र देणं जमण्यासारखं आहे. मुदत टळली म्हणून वारसाचा हक्क बुडत नाही, उशिराचा दंड पडतो एवढंच. पण चौथ्या महिन्यात ती गाडी रस्त्यावर आली की तिच्यामागचं विम्याचं बळ डळमळीत झालेलं असतं.

दिवंगताच्याच नावाने, मोबाइलवरून, पुढच्या वर्षाचा इन्शुरन्स भरून टाकायचा हा मार्ग आता फार सोपा झाला आहे. पैसे कापले जातात, पॉलिसी येते, पोलिसाला दाखवायला कागद होतो. पण करार करायला जिवंत माणूस लागतो. महत्त्वाची बाब लपवून घेतलेली पॉलिसी रद्दबातल आहे, असं म्हणण्याची वाट मोटार वाहन कायद्याच्या कलम १५० मध्ये विमा कंपनीला मोकळी ठेवलेली आहे, आणि विमाधारकच हयात नाही याहून महत्त्वाची बाब कोणती असणार? शिवाय गाडीच्या मालक-चालकासाठी १५ लाख रुपयांचं वैयक्तिक अपघात संरक्षण घ्यावं लागतं. ते ज्याचं नाव आरसीवर आणि पॉलिसीवर आहे, त्या मालकासाठी असतं. वडिलांच्या नावाची पॉलिसी खिशात ठेवून फिरणाऱ्या मुलाला काही झालं, तर त्याच्या बायकापोरांच्या पदरात त्या १५ लाखांपैकी काही पडेल याचा भरवसा नाही. हे इतक्या रोखठोकपणे लिहावं लागतं, कारण गाडी नावावर करण्याकडे आपण सरकारचं काम म्हणून पाहतो. खरं पाहता ते चालवणाऱ्याच्या घरचंच काम आहे.

आता हरवलेल्या कागदांकडे येऊ. आरसी हरवली असेल तर ज्या हद्दीत ती हरवली तिथल्या पोलीस ठाण्यात खबर द्यायची, आरटीओला लेखी कळवायचं आणि फॉर्म २६ भरून दुसरी प्रत मागायची. अडचण अशी की हा अर्ज मालकाने करायचा असतो आणि मालक तर गेलेला. म्हणून डुप्लिकेटचा आणि वारसाच्या नावे नोंदीचा, असे दोन्ही अर्ज वारसाने एकत्र नेणं सोयीचं. नंबरसुद्धा आठवत नसेल तर तो पाटीवर आहेच, आणि चॅसिसवर कोरलेला आकडा कोणी हरवू शकत नाही. विम्याची जुनी प्रत कंपनीकडून मिळते. मुदत संपली असेल तर नवी काढावी लागते. विम्याशिवाय गाडी चालवण्याचा दंड पहिल्यांदा २००० आणि पुढे ४००० रुपये, शिवाय कैदेचीही तरतूद आहे. त्यामुळे कागद पूर्ण होईपर्यंत गाडी उभी ठेवलेली बरी. फायनान्सचा बोजा ही जास्त चिवट गोष्ट. हप्ते कधीच फिटलेले असतात, पण फॉर्म ३५ आणि एनओसी नेऊन आरसीवरून बोजा उतरवण्याची फेरी कोणी मारलेली नसते. मग दहा वर्षांनी बँकेच्या जुन्या जागी वेगळीच पाटी दिसते. आदिलाबादसारख्या जिल्ह्यात, जिथे स्टेट बँक ऑफ हैदराबादची पिढ्यान्‌पिढ्यांची खाती होती, तिथे ही अडचण कुणालाही येऊ शकते. ती बँक १ एप्रिल २०१७ ला भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. आंध्र बँक १ एप्रिल २०२० ला युनियन बँकेत गेली. पण बँक विलीन झाली म्हणजे तिची खाती बुडाली असं होत नाही. देणी-घेणी नव्या बँकेकडे जातात, तशी एनओसी देण्याची जबाबदारीही जाते. कर्जखात्याचा नंबर किंवा जुनं पासबुक नेलं की नोंद निघते.

या सगळ्यांत मृत्यूचा दाखला सर्वांत सोपा वाटतो आणि सीमेवर तोच सर्वांत जास्त छळतो. मृत्यू जिथे झाला तिथेच त्याची नोंद होते. बाजारहत्नूरचा माणूस घरीच वारला तर नोंद ग्रामपंचायतीत होईल. आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात वारला तर तिथे, आणि उपचारासाठी नेल्यावर नांदेड, यवतमाळ किंवा नागपूरला वारला असेल तर दाखला महाराष्ट्राचा, मराठी-इंग्रजीतला. आता त्याच माणसाची नावं पाहा. तेलुगू रीतीत घराण्याचं नाव आधी येतं, पुष्कळदा नुसत्या आद्याक्षराने. मराठी रीतीत आधी स्वतःचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. आरसीवर ‘जे. दत्तात्रय’, आधारवर ‘जाधव दत्तात्रय’, नांदेडच्या दाखल्यावर ‘दत्तात्रय मारोती जाधव’ आणि बँकेत ‘दत्ता जाधव’, असं एक कल्पित उदाहरण घेतलं तर खिडकीपलीकडच्या कारकुनाला ही चार माणसं दिसतात. त्याच्यावर चिडून उपयोग नाही. तो चेहरे पाहत नाही, अक्षरं जुळवतो. यावर इलाज दोन. ही सगळी नावं एकाच माणसाची आहेत असं प्रतिज्ञापत्र, किंवा जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली नोंदीत दुरुस्ती. तिसरा इलाज या दोन्हींहून स्वस्त आहे, पण त्याची वेळ फार अवघड असते. हॉस्पिटलच्या टेबलावर मृत्यूचा फॉर्म भरला जात असतानाच घरातल्या कोणीतरी मृताचं आधार कार्ड पुढे करून नाव त्याप्रमाणे लिहून घ्यायचं. घरचे कोसळलेले असतात, म्हणून हे काम सोबत आलेल्या शेजाऱ्याने किंवा पाहुण्याने अंगावर घ्यावं. ज्यांनी मृत्यूची नोंदच केली नाही, त्यांच्यासाठीही दार बंद नाही. २१ दिवसांनंतर विलंब शुल्क, ३० दिवसांनंतर वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी, आणि वर्ष उलटल्यावर जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी अधिकार दिलेला कार्यकारी दंडाधिकारी यांचा आदेश. शेवटचा टप्पा वेळखाऊ आहे, पण अशक्य नाही.

एवढं सगळं झालं तरी एक प्रश्न उरतो, आणि माझ्या मते खरा प्रश्न तोच: वारस कोण, आणि ते सगळे काय म्हणतात? हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाचे पहिल्या वर्गातले मुख्य वारस म्हणजे मुलगे, मुली, विधवा आणि आई. गाडीचा विषय निघाला की मुलगाच बोलतो, पण बहीण आणि आजी यांचा हिस्सा त्याच्याइतकाच असतो. वडील वारले आणि आजी हयात असेल तर तिचीही सही लागते, हे किती घरांत कोणाच्या ध्यानात येत असेल? आदिलाबादमध्ये आणखी एक थर आहे. गोंड, कोलाम, परधान आणि तेलंगणात अनुसूचित जमातीत असलेले लंबाडी यांना १९५६ चा हा कायदा लागू नाही, त्यांचा वारसा रूढीने ठरतो. तिथेही स्त्रियांना वगळणं गृहीत धरता येणार नाही. जुलै २०२५ मध्ये छत्तीसगडच्या एका गोंड कुटुंबाच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने बाईच्या वारसांचा समान हक्क मान्य केला, कारण स्त्रीला वारसा नाकारणारी रूढी कोणी सिद्ध केलेली नव्हती. मुसलमान घरांत हिस्से शरियतप्रमाणे. हिंदू घरात वारस अज्ञान असतील तर गाडीसारख्या जंगम वस्तूपुरती आई पालक म्हणून सही करू शकते. हिंदू अज्ञान व पालकत्व कायद्यात कोर्टाच्या परवानगीची अट आहे ती स्थावर मिळकतीला. या सगळ्या माणसांनी मिळून ‘गाडी अमुकच्या नावावर झाली तरी आमची हरकत नाही’ असं लिहून देणं, ही संमती. तेराव्याला सगळे एका छपराखाली असतात आणि मनं मऊ असतात, तेव्हा ती एका दुपारचं काम असते. सहा वर्षांनी एक बहीण सुरतेला, एक भाऊ हैदराबादला, आणि मधल्या काळात शेताच्या बांधावरून बोलणं बंद झालेलं. तेव्हा मोटरसायकलीच्या कागदावर सही मागितली की ती सही शेताच्या भांडणातलं हत्यार होते.

इथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. नियम तीन कागद मागत असेल, तर ऑफिसं वारसांचा दाखला, सगळ्यांची प्रतिज्ञापत्रं, कधी कोर्टाचा वारसा दाखला का मागतात? हा निव्वळ छळ नाही का? माझं उत्तर असं की त्यातला काही भाग योग्य आहे आणि काही नाही. नियम ‘ताबा ज्याच्याकडे आला तो’ असं म्हणतो. पण ताबा तर गाडी पळवून नेलेल्या दिराकडेही असू शकतो. विधवेच्या अंगणातून नवऱ्याचा ट्रॅक्टर नेऊन तो आपल्या नावावर चढवणारा नातेवाईक ही कल्पना नव्हे, गावोगाव घडू शकणारी गोष्ट आहे. ऑफिसने घरातल्या बाकीच्यांचं म्हणणं विचारलं तर ते त्या विधवेच्या बाजूने उभं राहतं. तेलंगणात मी-सेवा केंद्रातून अर्ज करून तहसीलदाराचा कुटुंब सदस्य दाखला मिळतो. (मी-सेवा म्हणजे तेलुगूत ‘तुमची सेवा’, मराठी कानाला तो शब्द नेमका उलटा ऐकू येतो.) हा दाखला आणि इतर वारसांची संमती एवढं मागणं रास्त आहे. त्यापुढे जाऊन दिवाणी कोर्टाचं उत्तराधिकार प्रमाणपत्र मागणं मात्र अनाठायी आहे. भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ मध्ये ते प्रमाणपत्र येणी आणि रोखे यांच्यासाठी आहे. बँकेतल्या ठेवीला ते शोभतं, जुन्या मोटरसायकलीला नाही. कॅलिफोर्नियात मृत्यूनंतर ४० दिवसांनी वारस एका प्रतिज्ञापत्रावर गाडी आपल्या नावावर करून घेऊ शकतो, कोर्टात जावं लागत नाही. खोटं लिहिलं तर शिक्षा, पण खरं लिहिणाऱ्याला हेलपाटे नाहीत. वारसांत वाद असेल तरच कोर्ट, नाहीतर कुटुंबाच्या शपथेवर विश्वास, हा भेद आपल्या परिवहन खात्यांनीही लेखी जाहीर करून खिडकीवर लावावा, असं मला मनापासून वाटतं. कारण इचोड्याला येऊन राष्ट्रीय महामार्ग ४४ ने आदिलाबाद गाठणाऱ्या माणसाची एक फेरी म्हणजे एक दिवसाची मजुरी असते, आणि कापूस वेचणीच्या दिवसांत ती मजुरीही मोठी असते.

दुसरा आक्षेप पैशाचा. दहा-पंधरा हजारांच्या गाडीसाठी इतका खटाटोप कशाला? सरकारी फी पाहिली तर ती फार नाही. केंद्रीय नियमांत दुचाकीचं नाव बदलण्याची फी १५० रुपये आणि कारची ३००, डुप्लिकेट आरसीची तेवढीच. त्यावर राज्याचे सेवाशुल्क आणि स्मार्ट कार्डाचे पैसे. खरा खर्च नोटरी, फेऱ्या आणि एजंटचा. तो कागद किती तुटलेले आहेत यावर, म्हणजे शेवटी उशिरावर ठरतो. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीच्या बाबतीत मात्र हा आक्षेप मला मान्य आहे. तिची नोंदणीच संपलेली असते. नूतनीकरणाला तपासणी लागते, आणि दुचाकीची फी १००० रुपये, वीस वर्षांवरच्या दुचाकीला तर ऑगस्ट २०२५ पासून २००० आहे. अशी गाडी काही घरांनी सोडूनच द्यावी हे बरं. पण सोडायची म्हणजे मान्यताप्राप्त भंगार केंद्रात देऊन नोंदणी रद्द करून घ्यायची, आणि मालक वारलेला असेल तर तिथेही मृत्यूचा दाखला आणि वारसाचा पुरावा मागतात. तसं न करता भंगारवाल्याच्या हातगाड्यावर टाकलेली गाडी सरकारी नोंदवहीत जिवंतच राहते. तिची पाटी कुणी दुसऱ्या गाडीला लावली, तर पोलीस पत्ता शोधत याच दारात येतात.

याहून घातक एक सोपी वाट आहे आणि ती सर्रास सुचवली जाते. फॉर्म २९ आणि ३० वर दिवंगताची सही ‘मारून’ गाडी सरळ गिऱ्हाइकाला विकायची, म्हणजे वारसांची भानगडच नको. मेलेल्या माणसाची सही करणं हा बनावट दस्तऐवजाचा गुन्हा आहे, भारतीय न्याय संहितेच्या कलम ३३६ खालचा. तो गुन्हा आधी सही करणाऱ्या मुलाच्या डोक्यावर बसतो. मृत्यूची तारीख सरकारी नोंदवहीत आहे, फॉर्मवरची तारीख तिच्यानंतरची आहे. पकडायला एवढं पुरतं. ज्या बापाच्या नावाला घरात हात जोडतो, त्याच्या सहीवर खोटेपणाचा डाग कशाला लावायचा?

मग नॉमिनीचं काय, असं विचारलं जाईल. २०२१ मध्ये केंद्रीय नियम बदलले आणि आरसीवर वारसदार म्हणून नॉमिनीचं नाव घालण्याची सोय झाली, नोंदणीच्या वेळी किंवा नंतरही. ही सोय चांगली आहे, आणि दारात गाडी असलेल्या प्रत्येकाने ती आजच वापरावी. पण तिने संमतीचा प्रश्न संपतो असं समजू नये. नॉमिनी हा वारसांच्या वतीने वस्तू ताब्यात घेणारा विश्वस्त, ही भूमिका आपल्या न्यायालयांनी पुन्हा पुन्हा घेतली आहे. मराठी वाचकाला परिचित कुटुंबातला दाखला म्हणजे शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद जयंत साळगावकर. ‘कालनिर्णय’चे संस्थापक जयंत साळगावकर यांच्या पश्चात शेअर आणि म्युच्युअल फंडांवरून झालेल्या वादात सर्वोच्च न्यायालयाने १४ डिसेंबर २०२३ ला सांगितलं की नॉमिनी असल्याने कोणी पूर्ण मालक होत नाही, वारसा कायदा वरचढ राहतो. तो निकाल रोख्यांविषयी आहे, वाहनांविषयी नाही, हे खरं. तरी गाडीला वेगळा न्याय लागेल असं मानायला मला कारण दिसत नाही. नॉमिनीने नोंदवहीतलं नाव लवकर बदलतं, म्हणजे जबाबदारी लवकर ठरते. बहिणीचा हिस्सा त्याने पुसला जात नाही.

एमएच पाटीची गाडी बाजारहत्नूरच्या वारसाकडे आली तर काय, हा प्रश्न इथे वारंवार पडणारच. किनवट आणि राजुरा हे तालुके १९५६ पर्यंत आदिलाबाद जिल्ह्यातच होते. राज्य पुनर्रचनेत ते मुंबई राज्यात गेले आणि सोयरिकी मात्र होत्या तिथेच राहिल्या. मोटार वाहन कायद्याचं कलम ५०(२) वारसाला त्याच्या राहत्या हद्दीतल्या आरटीओकडे अर्ज करू देतं. पण परराज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवायची तर नवा नंबर घ्यावा लागतो, त्यासाठी मूळ आरटीओची फॉर्म २८ वरची एनओसी लागते आणि तेलंगणाचा कर भरावा लागतो. दिवंगत माणूस एनओसी मागू शकत नाही. म्हणून मूळ आरटीओत आधी वारसाच्या नावावर करून मग एनओसी मागणं, हाच क्रम कमी खोळंब्याचा. मोबाइल ॲपवर नोंद दिसत नाही म्हणून कोणी घाबरून जाऊ नये. केंद्राच्या ‘वाहन’ प्रणालीबाहेर राहून तेलंगणाने कित्येक वर्षं आपलं वेगळं दप्तर ठेवलं, त्यामुळे दोन्हीकडच्या नोंदी एकमेकींशी सहज बोलतीलच असं नाही. नंबर घेऊन ऑफिसात गेलं की नोंद सापडते.

शेवटचा मुद्दा भाषेचा. संमतीचं प्रतिज्ञापत्र आदिलाबादेत टाइप होतं ते तेलुगूत किंवा इंग्रजीत, आणि त्यावर अंगठा किंवा सही करणारी आई किंवा आजी मराठी किंवा गोंडी बोलते. कशावर सही केली हे तिला ठाऊक नसेल, तर ती संमती नव्हे, आणि उद्या वाद झाला तर कोर्टातही ती टिकणं कठीण. म्हणून मजकूर तिच्या भाषेत मोठ्याने वाचून दाखवावा, गाडीचा नंबर आणि ती कोणाच्या नावावर होणार ते तिच्या तोंडून वदवून घ्यावं, आणि ‘मजकूर मराठीत वाचून दाखवला, मला समजला व मान्य आहे’ ही ओळ सहीच्या वर लिहून, वाचणाऱ्याचं नाव आणि सही तिच्याशेजारी घ्यावी.